मुक्त आहे, पण बेवारस नाही
(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे भरलेल्या मुक्त संगणक-प्रणाली मेळाव्यातील भाषण)



आपल्या न्यासाच्या अमृतमहोत्सवात व्याख्याने होणार, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होणार, स्मरणिका निघणार, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु कार्यक्रमपत्रिकेत "मुक्त संगणक-प्रणाली मेळावा" हे शब्द वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटले. शिष्यवृत्त्या देणे, वाचनालय चालविणे, गरजू रुग्णांस साहाय्य करणे ही न्यासाची कामे. संगणकात कोणती प्रणाली घालावी हा दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न. त्यात धर्मादाय संस्थेने का पडावे, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच आमच्या आजच्या बोलण्याचे प्रयोजन आहे. आम्ही मुसलमान घरात वाढलेले, मराठी शाळेत शिकलेले आणि आज मराठी शाळेतच शिकविणारे आहोत. संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. तेव्हा शास्त्राच्या खोल पाण्यात न शिरता शिक्षकाला जेवढे उमगले तेवढेच सांगू.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: पैसे न पडणारे, आणि बंधन नसलेले. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांस या चळवळीचा अर्थ समजावून देताना फार शब्द खर्चावे लागतात. आपली भाषा येथे उपयोगी पडते. आपल्याजवळ "फुकट" हा एक शब्द आहे आणि "मुक्त" हा दुसरा. रस्त्यावर वाटलेले सरबत फुकट असते, तुरुंगातून सुटलेला मनुष्य मुक्त असतो. आजचा मेळावा फुकट वस्तूंचा नाही, मुक्त वस्तूंचा आहे. त्या पुष्कळदा फुकटही मिळतात, ही गोष्ट निराळी.

संगणकाची प्रणाली म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञा. त्या आज्ञा मनुष्य आपल्या वाचण्यासारख्या भाषेत लिहितो. तिला आपण मूळ आज्ञावली म्हणू. मग तिचे यंत्राला कळणारे रूप तयार होते, आणि बाजारात बहुधा तेवढे रूपच विकले जाते. मूळ आज्ञावली विकणाऱ्याच्या कपाटात राहते. याला एक घरगुती उपमा देतो. मुलाला अंगरखा शिवताना शहाणा शिंपी शिवणीच्या आत थोडे कापड दाबून ठेवतो. मूल वाढले की आई शिवण उसवते आणि अंगरखा सैल करते. आता असा शिंपी कल्पा की जो म्हणेल, अंगरखा घाला, पण शिवण उसवाल तर गुन्हा. धाकट्या भावाला घालाल तर गुन्हा. सैल करायचा असेल तर माझ्याकडेच या, आणि मी दुकान बंद केले तर अंगरखा टाकून द्या. कापडाच्या बाबतीत हे कोणी ऐकून घेणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सारे ते निमूटपणे ऐकत आलो.

हे ऐकून न घेणारा एक मनुष्य निघाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे आज्ञावलीकार काम करीत. तेथील नव्या छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकला की काम पाठविणाऱ्यांस सूचना मिळे. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांस मिळाली नाही. दुसऱ्या एका विद्यापीठात ती ज्यांच्याजवळ होती त्यांनी ती कोणास न देण्याचे वचन लिहून दिले होते. ज्ञान जवळ असून शेजाऱ्यास न देण्याचा करार, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनास लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी "ग्नू" नावाची संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली.

मुक्त कशास म्हणावे याच्या चार कसोट्या या चळवळीने ठरविल्या. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालविण्याचे स्वातंत्र्य, ती कशी चालते हे उघडून पाहण्याचे व आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचे स्वातंत्र्य, तिच्या प्रती शेजाऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य, आणि आपण केलेली सुधारणाही इतरांस देण्याचे स्वातंत्र्य. या चारांत "पैसे घेऊ नयेत" असे कोठेही नाही. मुक्त प्रणाली विकताही येते, तिची देखभाल करून पोटही भरता येते. रेड हॅट ही कंपनी याच धंद्यावर वाढली आणि २०१९ साली आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तेव्हा ही चळवळ व्यापाराची वैरीण आहे, हा समज कोणी बाळगू नये.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. स्टॉलमन यांच्यापुढे एक पेच होता. आपण प्रणाली लिहून सर्वांस दिली, आणि उद्या एखाद्याने तीत चार ओळी घालून कुलूप लावले, तर काय करावे? १९८९ साली त्यांनी यावर तोडगा म्हणून एक परवाना प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा: ही वस्तू घ्या, वापरा, दुरुस्त करा, विका, परंतु पुढे द्याल तेव्हा मूळ आज्ञावलीसह आणि याच अटींवर द्या. घेणाऱ्यास जे स्वातंत्र्य मिळाले ते त्याने पुढच्यापासून हिरावून घेऊ नये.

विश्वस्त मंडळींस हे कलम ओळखीचे वाटेल. आपल्या न्यासाच्या संस्थापकांनी न्यासपत्रात हेच केले. ही वास्तू आता आमची नाही, आमच्या मुलाबाळांचीही नाही. विश्वस्तांनी ती सांभाळावी, दुरुस्त करावी, वर मजला चढवावा, पण आपल्या नावावर करू नये, असा त्याचा सारांश आहे. आमच्याकडे याला वक्फ म्हणतात आणि सांभाळणाऱ्यास मुतवल्ली म्हणतात. नावे निराळी, भाव एकच: देणाऱ्याने आपला हक्क सोडला, पण वस्तू वाऱ्यावर सोडली नाही. पुढील पिढ्यांसाठी तिला अट घालून ठेवली. स्टॉलमन यांचा परवाना म्हणजे संगणकाच्या जगातील न्यासपत्रच होय. सगळेच मुक्त परवाने इतके कडक नाहीत. काहींत पुढे कुलूप लावण्यास मुभा असते. परंतु या कडक परवान्याचे फळ जगाने पाहिले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली "लिनक्स" हा कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि १९९२ साली तो याच परवान्याखाली आणला. तो हजारो हातांनी वाढला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलमध्ये तोच गाभा आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. आपण ज्याला "ते अवघड काहीतरी" म्हणतो ते आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात आहे.

तर मग न्यासाने यात का पडावे, याचे पहिले उत्तर हे की ही वस्तू जातीने न्यासच आहे. परंतु केवळ नाते सांगून भागणार नाही, उपयोगही सांगितला पाहिजे. दोन उपयोग सांगतो: एक शाळेचा, दुसरा भाषेचा.

शाळेचा उपयोग केरळने दाखविला. तेथे २००१ साली "आयटी@स्कूल" ही सरकारी योजना सुरू झाली. शिक्षक संघटना आणि मुक्त प्रणालीचे कार्यकर्ते यांच्या आग्रहाने ती हळूहळू मुक्त प्रणालीकडे वळली, आणि २००८ साली दहावीची संगणक विषयाची परीक्षा संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर झाली. त्याच कार्यातून पुढे २०१७ साली "काइट" ही संस्था उभी राहिली. २०१९ साली या संस्थेने शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर नवी आवृत्ती बसविण्याचे काम घेतले, तेव्हा परवान्यांच्या खर्चात सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतील असा तिचा अंदाज होता. आमच्या मते पैशाहून मोठी गोष्ट अशी की तेथील शिक्षकांनी स्वतः शिकून इतर शिक्षकांस शिकविले आणि मल्याळम भाषेत काम चालेल अशी प्रणाली आपल्या गरजेप्रमाणे घडविली. शिक्षक गिऱ्हाईक राहिला नाही, कारागीर झाला.

आपल्या शाळेकडे पाहा. संगणक वर्गात बारा यंत्रे आहेत. सारी देणगीतून आलेली, वयाने मोठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका सर्वत्र प्रचलित कार्यप्रणालीची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. आपली यंत्रे तिच्या पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. म्हणजे यंत्रे चालतात, पडदे उजळतात, कळा दाबल्या जातात, तरी ती बाद. नवी बारा यंत्रे घ्यावयाची तर रक्कम कोठून आणणार? विश्वस्त मंडळाच्या बैठकीत असे सुचविण्यात आले की अमृतमहोत्सव निधीतील काही भाग त्यासाठी वळवावा. तो निधी शिष्यवृत्त्यांसाठी जमविलेला आहे. शेवटी प्रश्न असा उभा राहतो की चालत्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रे आणण्यासाठी किती मुलींचे महाविद्यालयाचे शुल्क खर्ची घालावे? या प्रश्नामुळेच हा मेळावा भरविण्याचे ठरले, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

जुन्या यंत्रांवर लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या उत्तम चालतात. चार जीबी स्मरणशक्तीचे यंत्रही लेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रकला आणि शिक्षणाच्या खेळांना पुरते. फिरत्या तबकडीच्या जागी लहानशी एसएसडी बसविली तर यंत्राला नवा हुरूप येतो. लेखनासाठी लिब्रेऑफिस, चिमुकल्यांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम, या साऱ्या मुक्त प्रणाली आहेत. विद्यार्थी शाळेत जे शिकतो ते पेन ड्राइव्हवर घेऊन घरी जाऊ शकतो. यात चोरी नाही, भीती नाही. आम्हां शिक्षकांस याचे मोल फार वाटते. नीतिपाठात "चोरी करू नये" म्हणून शिकवावे आणि पुढच्या तासाला चोरून नकललेली प्रणाली चालवावी, हा विरोधाभास पुष्कळ शाळांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. मूल बोलत नाही, पण पाहते.

दुसरा उपयोग भाषेचा. हैदराबादकरांस यासाठी दूर जावे लागत नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरविले. ग्रंथ कोठून आणावे? त्यासाठी १९१७ सालीच येथे दारुल्‌तर्जुमा हे भाषांतर-खाते उघडण्यात आले. गणित, विज्ञान, इतिहास, कायदा या विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत आले आणि हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. एवढ्या मोठ्या कार्यास एका संस्थानाचा खजिना लागला. आज एखाद्या प्रणालीवरील शब्द आपल्या भाषेत आणावयाचे झाले, तर खजिना लागत नाही, परवानगी लागते. बंद प्रणालीत ती परवानगी मालकाची. त्याला आपली भाषा बाजाराच्या दृष्टीने फायद्याची वाटली तर ती येते, नाही तर येत नाही. मुक्त प्रणालीत परवानगी आधीच दिलेली असते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत दिसतात त्यामागे अशा स्वयंसेवकांचे हात आहेत. याच शहरात २००५ पासून काम करणाऱ्या "स्वेच्छा" या संस्थेने तेलुगु भाषेतील कार्यप्रणाली तयार केली आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस या कामात ओढले. शेजाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी जे केले ते पाहून आपण नुसते कौतुक करावे की काही शिकावे?

भाषेचे प्रश्न किती बारीक असतात याचे उदाहरण देतो. मराठीत "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" हे दोन शब्द आहेत. पहिला गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. भेद केवळ र कसा जोडला जातो एवढाच. हिंदीला या आडव्या र-ची गरज नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या प्रणालीत तो नसेल, तर शाळेचे सारे आचार्य एका क्षणात मुदपाकखान्यात जातात! आचाऱ्यांचा यात अपमान नाही. त्यांच्याविना समारंभ होत नाही. पण ज्याला बोलाविले त्यानेच यावे. तसेच "ॲ" हे अक्षर. युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतात त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. संकेत सर्वांस उघडा होता, म्हणून उणीव दाखविता आली आणि भरून निघाली. आता मुक्त परवान्याचे सुबक टंकही मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे "मुक्ता" आणि "बलू", मुंबईच्या आयआयटीतील "शोभिका" हे त्यांतले. उर्दूच्या नस्तालिक वळणाचाही मुक्त टंक आहे. आमच्या वर्गातील मुलांस एकाच यंत्रावर डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू लिहिता येते, हे पाहून आमच्यासारख्याचे मन भरून येते.

याउलट काय होते तेही आपल्या न्यासाच्याच दप्तरात पाहा. न्यासाच्या पहिल्या वर्षांची इतिवृत्ते दौतीच्या शाईने लिहिलेली आहेत. कागद पिवळा पडला, तरी अक्षर न अक्षर वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वी सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली तेव्हा न्यासाने हौसेने संगणक घेतला. देणगीदारांच्या याद्या, संस्थापकांच्या आठवणी, शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांची नोंद, सारे एका विक्रेत्याच्या मराठी टंकप्रणालीत लिहिले गेले. त्या काळच्या अशा पुष्कळ प्रणालींत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेली असत. कोणते अक्षर कोठे, याचा नकाशा प्रत्येक विक्रेत्याचा निराळा. प्रणाली चालावी म्हणून संगणकाच्या मागे एक लहानशी चावी लावावी लागे. ती चावी बिघडली, विक्रेत्याने ती आवृत्ती बंद केली, आणि या वर्षी नवी स्मरणिका काढताना ती पाने उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. जे लोक त्या पानांत बोलतात त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. छापील प्रतींवरून काही मजकूर शाळेच्या मुलींनी पुन्हा अक्षरश: लिहून काढला. पण जी नोंद छापली गेलीच नव्हती ती अजून त्या खिचडीतच आहे. पाऊण शतकापूर्वीची शाई बोलते आणि पाव शतकापूर्वीचा संगणक मुका झाला, असा हा प्रकार आहे. मजकूर आपला, भाषा आपली, माणसे आपली, पण पेटीची किल्ली दुसऱ्याची.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: मुले उद्या नोकरीस गेली की तेथे दुसरीच प्रणाली असेल. यावर आम्ही असे म्हणतो की शाळेने सायकल शिकवावी, एखाद्या कारखान्याची सायकल शिकवू नये. शाळेत शिकविलेल्या प्रणालीच्या आवृत्त्या मूल नोकरीस लागेपर्यंत बदलून गेलेल्या असतात. तक्त्यात बेरीज कशी मांडावी, पत्र कसे रचावे, आज्ञा क्रमाने कशा लिहाव्या, हे ज्याला समजले तो कोणत्याही यंत्रावर आठवड्यात रुळतो. तथापि एक अडचण मान्य केली पाहिजे. हिशेबाच्या काही प्रचलित प्रणाली, काही छपाईयंत्रे आणि काही कार्यालयीन अर्ज लिनक्सवर सुरळीत चालत नाहीत. म्हणून न्यासाच्या कचेरीतील हिशेबाचे यंत्र तूर्त आहे तसेच ठेवावे, असे आमचे मत आहे. बदल समजून करावा, ईर्षेने करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जी वस्तू सर्वांची ती कोणाचीच नाही. तिच्यात दोष निघाला तर जबाबदार कोण? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१४ साली "ओपनएसएसएल" या मुक्त प्रणालीत मोठे छिद्र सापडले. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता तिच्यावर अवलंबून होती. छिद्र सुमारे दोन वर्षे तसेच होते. तेव्हा उघडकीस आले की एवढ्या मोठ्या भाराच्या प्रणालीची देखभाल मोजकीच माणसे तुटपुंज्या पैशांत करीत होती. मोठमोठ्या कंपन्या तिचे पाणी पीत होत्या, आडाचा गाळ काढण्यास कोणी येत नव्हते. त्यानंतर कंपन्यांनी निधी उभा केला. २०२४ सालची गोष्ट आणखी विचार करण्यासारखी आहे. "एक्सझेड" नावाच्या लहानशा प्रणालीचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. दोन वर्षांहून अधिक काळ गोडीगुलाबीने मदत करीत कोणी एकाने विश्वास संपादन केला आणि आत चोरवाट ठेवून दिली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो याचा संशय आला. त्यांनी माग काढला आणि मार्च महिन्यात ही चोरवाट जगापुढे मांडली. मूळ आज्ञावली उघडी होती म्हणून त्यांस मुळापर्यंत जाता आले, हे खरे. पण राखणदार एकटा पडला म्हणून चोर आत शिरला, हेही तितकेच खरे.

या दोन गोष्टींतून आम्ही जो बोध घेतो तोच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. मुक्त वस्तू बेवारस नसते, पण वारसांनी पाठ फिरविली तर ती बेवारस होते. न्यासपत्र कितीही चांगले लिहिले तरी विश्वस्त बैठकीस आले नाहीत, छप्पर शाकारले नाही, हिशेब तपासला नाही, तर वास्तू पडते. म्हणून मेळाव्याचे यश किती यंत्रांवर नवी प्रणाली बसली यावर आम्ही मोजणार नाही. आज फुकट मिळाले म्हणून घेऊन जाणारे शंभर निघाले आणि सांभाळणारे पाच निघाले, तर त्या पाचांसाठी हा दिवस सार्थकी लागला असे समजू.

असे मेळावे जगभर भरतात. २००४ पासून "सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन" पाळला जातो, आणि २००६ पासून तो बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. त्याची शोभा त्याच्या साधेपणात आहे. एक दिवाणखाना, काही मेजे, विजेची सोय आणि विचारलेल्या प्रश्नास न कंटाळता उत्तर देणारी माणसे एवढे पुरे. आज आपल्या सभागृहात चार मेजे मांडली आहेत. पहिल्या मेजावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येईल. त्याने तुमच्या यंत्रातील काहीही पुसले जात नाही, आवडले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. दुसऱ्या मेजावर प्रत्यक्ष बसविण्याचे काम चालेल. तेथे जाण्यापूर्वी आपल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत निराळी काढून ठेवावी, ही हात जोडून विनंती. तिसऱ्या मेजावर युनिकोडमध्ये मराठी लिहिणे शिकविले जाईल. आजी-आजोबांनी संकोच करू नये, नातवंडेच शिकविणार आहेत. चौथ्या मेजावर जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम होईल. सुवर्णमहोत्सवाच्या त्या मुक्या पानांपासूनच तेथे आरंभ करावयाचा आहे.

जाता जाता विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार विनंत्या ठेवतो. पहिली, शाळेची बारा यंत्रे बाद न करता त्यांवर मुक्त प्रणाली बसवावी, आणि निधी शिष्यवृत्त्यांसाठीच राहू द्यावा. दुसरी, न्यासाची इतिवृत्ते, याद्या आणि यापुढील प्रत्येक स्मरणिका युनिकोडमध्ये आणि खुल्या नमुन्यात जतन करावी, व एक प्रत इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयास द्यावी. तिसरी, वाचलेल्या पैशांतून दरवर्षी एक लहानशी रक्कम ज्या मुक्त प्रणाली आपण वापरतो त्यांच्या देखभालीस द्यावी. आडाचे पाणी पितो त्याने गाळ काढण्यासही हात लावावा. चौथी, महिन्यातून एक रविवार हे सभागृह या कामास मोकळे ठेवावे. तेथे मुले मराठी शब्द तपासतील, चुका कळवतील, आणि त्यांतील एखादी उद्या स्वतः आज्ञावली दुरुस्त करील. त्या दुरुस्तीचा लाभ इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या आणि गोव्याच्या मराठी मुलांसही होईल, कारण मुक्त प्रणालीत एकाने लावलेला दिवा सर्वांच्या घरी उजेड देतो आणि लावणाऱ्याचे तेल कमी होत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना एक गोष्ट आपल्या वाडवडिलांनी शिकविली आहे. भाषा राजाश्रयावर टिकली तर टिकते, पण तिच्या माणसांनी सांभाळली तर निश्चित टिकते. त्यांनी वाचनालये उघडली, शाळा काढल्या, वर्गणी गोळा केली, कोणाची वाट पाहिली नाही. आज भाषा ज्या यंत्रात राहावयास गेली आहे त्या यंत्राची किल्लीही आपल्याजवळ असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मेजे मांडलेली आहेत, विद्यार्थी वाट पाहत आहेत. चला, कामास लागू या.